तक्रारपेटीतली खुडूक

मी एक जुनी तक्रारपेटी आहे, मित्रांनो. दोन फूट रुंद, दीड फूट उंच, डोक्यावर वीतभर लांबीची फट आणि पुढच्या बाजूला कुलपाचे दार. रंग हिरवा. अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटने 'तक्रार पेटी' असे लिहिले आहे. त्यातली शेवटची वेलांटी गंजाने खाल्ली आहे, पण अक्षरे अजून वाचता येतात. वाचता येतात हीच पुढे अडचण झाली.

माझा जन्म ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे पंख्यांचे आणि मिक्सरचे पत्र्याचे भाग प्रेस मशीनवर दाबून काढत. एकदा तपासणीला साहेब येणार असल्याची बातमी आली आणि कारखान्यात तक्रारपेटी नाही हे मॅनेजरच्या लक्षात आले. मग एका दुपारी घाईघाईने, उरलेल्या पत्र्यातून मला बनवण्यात आले. वेल्डर म्हणाला, "साहेब, पत्रा भरपूर पडलाय, मोठीच करू का?" मॅनेजर म्हणाला, "कर की. कुणाच्या बापाचं काय जातंय!" म्हणून मी एवढी ऐसपैस झाले. वेल्डर मोठा हौशी माणूस होता. त्याने माझा प्रत्येक सांधा असा जोडला की पाण्याचा थेंब आत जाऊ नये, आणि सगळ्यांना बोलावून ते दाखवलेही. तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटला. आता वाटते, त्याने त्या दिवशी थोडी कामचुकारी केली असती तर किती बरे झाले असते.

साहेब आले, मला पाहिले, मान डोलावली आणि गेले. मला गेटजवळच्या भिंतीला टांगण्यात आले. किल्ली मॅनेजरच्या टेबलाच्या खणात गेली आणि तिथेच राहिली.

कामगार मात्र बिचारे विश्वासाने लिहीत. संडासाचे दार लागत नाही. पिण्याच्या पाण्याला वास येतो. एकाने तर कविता लिहून टाकली होती, कँटीनच्या डाळीवर. माझ्या पोटात कागद पडला की मला वाटे, आता कुणीतरी येईल, दार उघडेल, वाचेल. कुणी येत नसे. मला तोंड होते, पण ते फक्त घेण्यापुरते. बोलण्यासाठी ते केलेलेच नव्हते.

त्या कारखान्यात शिवराम नावाचे एक ऑपरेटर होते. सरळ माणूस, कामाशी काम. एके दिवशी त्यांनी वहीचे अर्धे पान फाडून लिहिले, 'चार नंबर प्रेसचा गार्ड तुटला आहे. हात जाऊ शकतो. कृपया बघावे.' खाली सही केली आणि कागद माझ्यात टाकला. नवव्या दिवशी त्याच चार नंबर प्रेसखाली शिवरामच्याच डाव्या हाताची दोन बोटे गेली. त्या वेळी तो कागद माझ्या पोटात घडी घातलेला तसाच होता. मी भिंतीवर टांगलेली होते आणि सगळे पाहत होते. तुम्हाला सांगते, पत्र्यालाही शरम वाटते.

पुढे कारखाना बंद पडला. जाताना ज्याने त्याने आठवण म्हणून काही ना काही उचलले, कुणी स्टूल, कुणी भिंतीवरचे घड्याळ. शिवरामनी मला उचलले. का, ते मला तेव्हा कळले नाही. टेम्पोतून मी शहाडला आले, उल्हास नदीच्या अलीकडच्या एका बैठ्या चाळीत. घरी आल्यावर त्यांनी छिन्नीने माझे कुलूप तोडले, कागदांचा ढीग जमिनीवर ओतला आणि त्यातून आपला कागद शोधून काढला. तो वाचला. परत घडी घातली आणि खिशात ठेवला. त्यांच्या बायकोने, शांताबाईंनी, विचारले, "काय हाय त्यात?" ते म्हणाले, "काही नाही. जुनं आहे."

त्यानंतर बरीच वर्षे मी घरामागच्या बोळात पडून होते. माझ्या पोटात रंगाचे डबे, तुटक्या चपला, सायकलचा पंप असे काहीबाही साठत गेले. माझ्यावर पावसाळ्यात छत्र्या वाळत आणि एरवी मांजर झोपे.

आता शांताबाईंबद्दल सांगायला हवे. त्यांना कोंबड्यांचा भारी नाद. चाळीत जागा ती केवढी, पण दोन-तीन कोंबड्या त्यांच्याकडे नेहमी असत. बाजारातल्या पांढऱ्या नव्हेत, गावठी. त्यांत एक काबरी होती, करड्या अंगावर पांढरे ठिपके आणि स्वभावाने महातिखट. गेल्या वर्षी काबरीला अकरा पिले झाली होती. रात्री त्यांना बांबूच्या डालग्याखाली झाकून ठेवत. एके दिवशी पहाटे नदीकडून मुंगूस आले, घुशीने कुरतडलेल्या भोकातून डालग्यात शिरले आणि सकाळी शांताबाईंना फक्त पिसे सापडली. काबरी आठ दिवस बोळात त्या जागी जाऊन उभी राहायची. शांताबाई आठ दिवस नीट जेवल्या नाहीत. शिवराम त्यांना समजावत, "अगं, कोंबडीच ती." त्यावर त्या एवढेच म्हणत, "आपल्या भरवशावर हुती ना."

या वर्षी एप्रिलमध्ये काबरी पुन्हा खुडूक बसली. मित्रांनो, कोंबडीला अंडी उबवण्याचा ध्यास लागला की तिला खुडूक म्हणतात. ती पिसे फुगवून बसते, जवळ गेले की गुरगुरते, खायचे-प्यायचेही विसरते. शांताबाईंनी ठरवले, या खेपेला मुंगसाच्या बापालाही शिरता येणार नाही असे घर द्यायचे. त्यांनी बोळात पाहिले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

माझ्यातले डबे निघाले, चपला निघाल्या. मला घासूनपुसून उन्हात वाळवले. आत भाताचा पेंढा अंथरला. त्याच्या तळाशी शांताबाईंनी एक कोळसा आणि एक लोखंडी खिळा ठेवला, म्हणजे वीज कडाडली तरी अंड्यांना काही होत नाही. चौदा एप्रिलच्या जयंतीचे ढोल वाजून गेल्याशिवाय त्या अंडी ठेवायला तयार नव्हत्या, आवाजाने अंडी हलतात असे त्यांचे ठाम मत. म्हणून सोळा तारखेला, संध्याकाळच्या गारव्यात, त्यांनी अकरा अंडी एकेक करून माझ्यात ठेवली आणि वर काबरीला बसवले. दाराला नवे कुलूप लावले, कारण आमच्या भागात कोंबडी चोरायला मुंगूसच लागते असे नाही. एकविसावा दिवस म्हणजे सात मे. शांताबाईंनी कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटात तक्रार नव्हती. ऊब होती. काबरी दिवसातून कितीतरी वेळा चोचीने अंडी उलटीपालटी करी, मधली कडेला, कडेची मधे. तो घरंगळण्याचा बारीक आवाज माझ्या पत्र्यावर वाजे. मला वाटे, मी ज्यासाठी बनले ते काम मला जमले नाही, पण हे जमेल. हे जमलेच पाहिजे असे मी स्वतःला रोज बजावत होते. बजावण्यापलीकडे मला काय येत होते म्हणा!

शांताबाई रोज सकाळी साडेआठला कुलूप काढत. काबरी बाहेर पडे, कणी खाई, पाणी पिई, पंख झटकी आणि वीस मिनिटांत परत येऊन बसे. दुपारी ऊन बोळात उतरू लागले की शांताबाई माझ्यावर ओले गोणपाट टाकत आणि दार उघडून स्वतः शेजारी निवडण-टिपण करत बसत.

शेजारच्या खोलीत महिपतराव राहत. एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कपडे इस्त्रीचे, अक्षर मोत्यासारखे आणि तोंडात कायम एकच वाक्य, "तोंडी सांगून काही होत नाही, लेखी लागतं." त्यांच्या पत्नी हौसाबाई गुडघ्यांनी अधू. त्यांचा दिवस खिडकीजवळच्या कॉटवर जाई. त्या सगळ्या चाळीशी खिडकीतून बोलत, महिपतराव मात्र फारसे कुणाशी बोलत नसत.

काबरी बसल्यानंतर आठवड्याभराने माझ्या फटीतून अचानक एक कागद आत पडला. थेट काबरीच्या पाठीवर. ती अशी काही फुत्कारली की बाहेरचा माणूस "अरे बापरे" म्हणत मागे सरला. शांताबाईंनी दार उघडून कागद बाहेर काढला आणि शिवरामनी तो मोठ्याने वाचला.

"प्रति, पदाधिकारी, चाळ कमिटी. विषय, कोंबडीच्या उपद्रवाबाबत. महोदय, कळवण्यात येते की सदर कोंबडी रोज सकाळी साडेआठच्या सुमारास माझ्या दारासमोर येऊन विष्ठा करते. सदर विष्ठा नेहमीच्या तिप्पट आकाराची असून दुर्गंधी असह्य आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी."

आता खुडूक कोंबडी दिवसभराचे सगळे साठवून एकदाच मोकळी होते, घरटे घाण करत नाही, यात तिचा गुण आहे. पण तो गुण महिपतरावांच्या उंबऱ्यासमोर प्रकट होत होता हेही खरे. शिवराम चाळ कमिटीचे सेक्रेटरी होते. त्यामुळे त्यांच्या घरामागे तक्रारपेटी दिसल्यावर कमिटीने शेवटी पेटी बसवली असे महिपतरावांना वाटले, तर त्यांची चूक म्हणता येणार नाही.

शांताबाई रागाने म्हणाल्या, "चार पावलावर घर. सांगता येत नव्हतं? मी धुतलं असतं की."

शिवराम हसत होते. "जाऊ दे गं. कोंबडीने जातीने दखल घेतली ना!" आणि त्यांनी तो कागद पेंढ्याखाली सारला. उत्तर कुणी दिले नाही. शांताबाई त्या दिवसापासून महिपतरावांचा उंबरा रोज धुऊ लागल्या, पण बोलल्या नाहीत. महिपतरावांनी उंबरा स्वच्छ झालेला पाहिला, पण तेही बोलले नाहीत. त्यांना लेखी उत्तर हवे होते.

दिवस पुढे सरकले. विसाव्या दिवशी, म्हणजे सहा मेला, झुंजूमुंजू होताना एक भला मोठा उंदीर माझ्या फटीतून आत उतरला. माझे तोंड कायमचे उघडे, त्याला मी काय करणार? काबरीने त्याला चोचीने असे फोडले की सगळी चाळ जागी झाली. शांताबाईंनी धावत येऊन कुलूप काढले, उंदीर बाहेर पळाला, पण झटापटीत एक अंडे फुटले. आत पूर्ण वाढलेले पिलू होते. उरली दहा. शांताबाईंनी ती एकेक करून कानाशी धरली आणि त्यांचा चेहरा उजळला. प्रत्येकातून चिवचिव येत होती. बाहेर येण्याआधीच पिले आईशी बोलू लागतात.

त्याच दिवशी शिवरामच्या डोळ्यांची तपासणी होती, कल्याणला. मोतीबिंदू पिकला होता, नंबर लागला होता, टाळता येत नव्हते. साडेसातलाच त्यांना निघायचे होते. शांताबाईंनी काबरीला लवकर सोडून परत बसवले, कुलूप लावले, किल्ली कमरेच्या पिशवीत टाकली. मुलगा रत्नदीप दाढी करत होता. तो भिवंडीच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या कामाला आहे. जाता जाता शांताबाई त्याला म्हणाल्या, "त्या फटीचं तेवढं बघ रे. आम्ही अकरापर्यंत येतोच."

"बघतो गं आई, टेन्शन नको घेऊ," रत्नदीप म्हणाला.

मित्रांनो, 'बघ' या शब्दात शांताबाईंच्या मनात जाळी होती. कोंबडी पाळणाऱ्याच्या डोक्यात जाळीच येते, उंदीर बाहेर आणि वारा आत. रत्नदीपच्या हातांतून मात्र दिवसाला तीनशे खोकी जातात. त्याच्या डोक्यात फट म्हणजे टेप. त्याने बॅगेतून खाकी टेपचा मोठा रोल काढला. फटीवर एक पट्टी, तिच्यावर दुसरी, मग आडवी तिसरी. कडा अंगठ्याने दाबून घेतल्या. दाराच्या बिजागरीला थोडीशी चीर होती, उंदराची पोरेही जाऊ नयेत म्हणून तीही त्याने बंद केली. मागे सरून त्याने माझ्याकडे पाहिले आणि मोबाईलवर माझा फोटो काढला, आईला दाखवायला. मग तो आनंदाने कामाला गेला. त्याने मायेने केले होते सगळे. म्हणून तर मला त्याच्यावर रागावताही येत नाही.

नऊ वाजेपर्यंत ठीक होते. दहा वाजता आतली हवा जड झाली. अकरा वाजले, कुणी आले नाही. नंतर कळले की शिवरामच्या डोळ्यात थेंब घालून त्यांना बसवून ठेवले होते, बाहुली मोठी व्हायला वेळ लागत होता. शांताबाईंना घाई होती, पण काळजी नव्हती. रत्नदीपने जाळी लावली असेल आणि वारा लागत असेल, असेच त्यांना वाटत होते.

साडेअकराला ऊन बोळात उतरले आणि माझ्या पाठीवर आले.

मी पत्रा आहे. ऊन लागले की मी तापते, हा माझा धर्म आहे. मी किती प्रयत्न केला म्हणून सांगू! पण न तापण्याचा प्रयत्न पत्र्याला करता येत नाही. ज्या जिवांना सांभाळायचे, त्यांनाच मी भाजत होते. काबरीने चोच उघडली. तिचा गळा भराभर हलू लागला. मग ती उठून उभी राहिली आणि तिने पंख अंगापासून दूर धरले. अंड्यांना ऊब नको, सावली हवी हे तिला कळले होते. त्या सगळ्या वेळात एकदाही ती अंड्यांवरून बाजूला झाली नाही. तिने दारावर चोच आपटली, ओरडली, परत आपटली. खुडूक कोंबडी कधी अशी ओरडत नाही.

तो आवाज शेजारी स्पष्ट जात होता. भिंत पत्र्याची होती.

हौसाबाईंचा आवाज मला ऐकू आला. "आवं, ती कोंबडी बगा कशी वरडतीय. काय तरी झालंय तिला."

महिपतराव म्हणाले, "सकाळपासून हेच चाललंय. पहाटे झोपमोड, आता दुपारी. आज मी सोडणार नाही."

"मग जाऊन बगा की!"

"बघून काय होणार? पहिल्या पत्राचं उत्तर नाही. आता स्मरणपत्रच देतो."

आणि मित्रांनो, ते लिहायला बसले. मी ऐकत होते. खुर्ची सरकली. कागद काढला गेला. त्यांनी पट्टीने समास आखला असणार, कारण ते समास आखल्याशिवाय लिहीत नसत. हौसाबाई मधेच म्हणाल्या, "आवं, माझं गुडगं धड असतं तर मी गेली असती. उठा वो." ते म्हणाले, "दोन मिनिटं. मागच्या पत्राची तारीख आठवू दे."

माझे सगळे आयुष्य कागदांत गेले. त्या दिवशी पहिल्यांदा मलाच एक तक्रार करायची होती, एवढीच, की दार उघडा. काबरी आता ओरडत नव्हती. तिची मान खाली गेली होती, पंख मात्र तसेच पसरलेले होते. खाली अंड्यांत टकटक चालली होती. पिले आतून कवच फोडत होती. बाहेर यायची त्यांना घाई झाली होती आणि बाहेर मी होते.

महिपतराव एकदाचे आले. इस्त्रीचा सदरा, हातात घडी घातलेला कागद. फटीवर टेप पाहून ते जागच्या जागी थांबले.

"हे काय? तक्रारी घेणंच बंद केलं?" त्यांना भयंकर राग आला. त्यांनी नखाने टेपचे टोक उचकटले आणि सर्रकन ओढले. त्यांचा हात माझ्या पत्र्याला लागला आणि ते "आई गं" करून ओरडले. बोट भाजले होते. त्यांनी बोटाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मग वाकून फटीला डोळा लावला.

आतली वाफ त्यांच्या चष्म्यावर आली असेल. मग त्यांनी जी हाक मारली ती मी कधी विसरणार नाही. "हौसा! अगं, मरतेय ही! सगळी मरतायत गं!"

"पाणी घाला!" हौसाबाई खिडकीतून ओरडल्या. "पाणी घाला पयलं!"

आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येते. महिपतरावांच्या पिंपात दुसऱ्या दिवसापर्यंतचे पाणी होते. त्यांनी बादली बुडवली आणि माझ्यावर ओतली. पुन्हा बुडवली, पुन्हा ओतली. इस्त्रीचा सदरा भिजून अंगाला चिकटला. मी फुसफुसले, वाफाळले, थंड होऊ लागले. मग ते कुलपाला झोंबले. कुलूप नवे होते. घरात जाऊन त्यांनी पाट्याचा वरवंटा आणला आणि हाणायला सुरुवात केली. सत्तर वर्षांचा माणूस, आयुष्यात कधी चमचा वाकवला नसेल त्याने. पाचव्या घावाला कोयंडा तुटला. दार उघडले आणि काबरी तशीच उभी, चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले. महिपतरावांनी ओंजळीतून तिच्या चोचीत पाणी सोडले. तिने गिळले. मग तिने त्यांच्या मनगटावर कडकडून चोच मारली आणि परत अंड्यांवर उभी राहिली. महिपतराव जमिनीवर बसून रडू लागले.

शांताबाई आणि शिवराम पाऊणएक तासाने आले. शांताबाईंनी टेप पाहिला, तुटलेला कोयंडा पाहिला, ओलाचिंब बोळ पाहिला आणि त्यांना सगळे कळले. त्या खाली बसल्या आणि एकेक अंडे कानाशी धरू लागल्या.

दुसऱ्या दिवशी, कॅलेंडरवर गोल केलेल्या तारखेला, सहा पिले बाहेर आली. दोन काळी, तीन करडी, एक पिवळे. चार अंडी तशीच राहिली. त्यांतल्या एकाला बारीक भोक पडले होते आणि भोकातून चोचीचे टोक बाहेर आलेले होते. ते तिथेच सुकून गेले होते.

रत्नदीप त्या संध्याकाळी माझ्यासमोर बसून राहिला. फोटो त्याने आईला दाखवलाच नाही. "मला सांगायचं ना नीट, जाळी म्हणून," असे एकदा म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "नाही, मीच विचारायला पाहिजे होतं." शांताबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो ड्रिल मशीन मागून घेऊन आला आणि त्याने माझ्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतरावर भोकेच भोके पाडली. मला दुखले नाही. जिथे जिथे वारा आत आला, तिथे मला बरेच वाटले. फटीवर आता बारीक जाळी आहे आणि माझी जागा कडुनिंबाखाली आहे, जिथे दिवसभर ऊन पोचत नाही.

महिपतराव आठवडाभर बाहेर आले नाहीत. मग एका सकाळी ते वाटीभर कणी घेऊन आले. पिले त्यांच्या चपलांवर चढत होती. त्यांच्या खिशात ते स्मरणपत्र होते, अजूनही, भिजून वाळलेले. त्यांनी ते उघडले. कोपऱ्यात त्यांच्या सवयीप्रमाणे तारीख आणि वेळ लिहिलेली होती. त्यांनी शांताबाईंना विचारले, "शांताबाई, मी लिहायला बसलो तेव्हा बारा चाळीस झाले होते. कुलूप तुटलं तेव्हा एक वाजून वीस. ती चार... कधी गेली असतील हो?"

शांताबाई खाली बघून कणी टाकत राहिल्या. "आता काय सांगावं, दादा. सकाळीच गेली असतील. उंदराच्या दणक्यात."

महिपतरावांनी मान हलवली. त्यांना ते पटले की नाही, मला माहीत नाही. शांताबाईंनी त्या दिवशी सकाळी, उंदीर पळाल्यानंतर, दहाही अंडी कानाशी धरली होती.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, कचेरीत, सोसायटीत माझ्या बहिणी टांगलेल्या असतील. त्यांच्यात जरूर लिहा आणि ज्याच्याकडे किल्ली असेल त्याला ती वापरायला सांगा. पण एखादा जीव ओरडत असेल, मग तो कोंबडीचा का असेना, तर कागद शोधू नका. उठा. जाऊन बघा. तो जीव कुणाचा आहे, त्याने तुमचा उंबरा घाण केला आहे की नाही, हे सगळे नंतर. आणि कुणाला सांभाळायला बंदिस्त करत असाल, तर आत वारा कुठून जाईल हे आधी विचारा. मायेने बंद केलेले दारही बंदच असते.

ती चार कधी गेली ते मला माहीत आहे, कारण ती माझ्याच पोटात होती. बारा चाळीसला दहाच्या दहा टकटक करत होती. पहिली टकटक थांबली तेव्हा शेजारी पेनाचे टोपण निघाले होते.

हे महिपतरावांना मात्र कुणी सांगू नका.